शिडाच्या बोटीने मुंबईहून गोव्याला: टप्पे, भरती आणि परतीचं गणित

दिवाळी सरली की मुंबईतल्या बोटवाल्यांमध्ये एकच विषय निघतो, गोवा. हिशेबही ठरलेला असतो. अंतर सुमारे २२० सागरी मैल, बोटीचा वेग ५ नॉट (ताशी ५ सागरी मैल), म्हणजे ४४ तास. फक्त दिवसा चालवली तर चार दिवस. भागाकार बरोबर आहे. पण या हिशेबात तीन गोष्टी नाहीत: वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो, कोकणातल्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, आणि बोट परतही आणायची असते. दर हंगामात कोणीतरी अंधारात खाडी शोधत फिरतो किंवा रजा संपली म्हणून भर दुपारच्या वाऱ्यात बोट उत्तरेकडे रेटतो, ते याच तीन गोष्टींमुळे.

पुढचं सगळं ३० ते ४० फुटांच्या, कील (तळाखालचा जड कणा) असलेल्या, आत डिझेल इंजिन बसवलेल्या बोटीला धरून आहे. शीड चढवणं, रीफ घेणं (वारा वाढला की शीड लहान करणं), नांगर टाकणं तुम्हाला येतं असं मी धरून चालतो. येत नसेल तर हा हंगाम बंदरातच सरावाला द्या.

लिहिलेल्या क्रमानेच जा. निघायची वेळ सगळ्यात शेवटी ठरते.

## १. आधी महिना, मग रजा

डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा सर्वात बरा काळ. पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा, समुद्र बऱ्यापैकी शहाणा. मार्च-एप्रिलमध्ये जाताना मजा येते, पण दुपारचा वायव्य वारा जोर धरतो आणि परतीला तोच तोंडावर बसतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे हे चक्रीवादळांचे महिने आहेत. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान, ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार आणि मे २०२१ मध्ये तौक्ते या किनाऱ्याने पाहिलं आहे. २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात राज्यातली लहान प्रवासी जलवाहतूक आणि जलक्रीडा बंद असतात. त्या तारखेच्या जवळपासही जाऊ नका. 'पंचवीसला पोचतो' असा प्लॅन म्हणजे प्लॅनच नाही.

रजा घेताना जाण्याच्या चार दिवसांना दोन दिवस जोडा. परतीसाठी वेगळे किमान सात-आठ दिवस धरा. कारण दहाव्या टप्प्यात येईल.

तपासणी: हवामान बिघडलं तर एका जागी दोन दिवस थांबायची सोय वेळापत्रकात आहे का? नसेल तर पुढे वाचण्याआधी रजेचा अर्ज बदला.

## २. बोट: बिघडायचं ते बंदरातच बिघडू द्या

मुंबईच्या पाण्यात उभ्या बोटीच्या तळाला काही आठवड्यांत शिंपले धरतात. तळ घासला नसेल तर ५ नॉटचे ४ होतात आणि पुढची सगळी कोष्टकं खोटी पडतात. म्हणून निघण्याआधी बोट ओढून किंवा पाणबुड्याकडून तळ, पंखा आणि रडर (सुकाणू) साफ करून घ्या.

इंजिन बंद पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डिझेलच्या टाकीतला गाळ. बंदरात तो तळाशी निवांत पडलेला असतो. बाहेर लाटांवर टाकी ढवळली की फिल्टर चोंदतो, आणि हे होतं ते नेमकं खाडीच्या तोंडाशी. टाकी उघडून साफ करा. फिल्टरचे किमान तीन संच, पाण्याच्या पंपाचे दोन इंपेलर आणि एक बेल्ट जवळ ठेवा. फिल्टर बदलून हवा काढायचं काम हलत्या बोटीत एकदा स्वतःच्या हाताने करून पाहा. मेकॅनिकला ते येतं याचा समुद्रात उपयोग नाही.

डिझेलचा हिशेब असा: निम्म्याहून जास्त वाट इंजिनवर जाईल असं समजा. तुमचं इंजिन ताशी ३ लिटर खात असेल आणि तुम्ही ३० तास धरलेत तर ९० लिटर, त्यावर एक तृतीयांश राखीव, म्हणजे १२० लिटर. वाटेतल्या मच्छीमार जेट्टीवर डिझेल मिळेलच असं धरू नका. मिळालं तर जाळीच्या नरसाळ्यातून गाळून भरा.

शिडाच्या बाजूचं काम थोडकं आहे, पण टाळू नका. डोलकाठीच्या तारा, त्यांच्या पिना, शिडाची शिवण, रीफचे दोर. डोलकाठीवर चढून वरचा दिवा पाहा. पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंतची उंची, अँटेनासकट, मोजून लिहून ठेवा. खाड्यांवर पूल आहेत आणि विजेच्या तारा आहेत. ही उंची माहीत नसेल तर खाडीत खोलवर जाऊ नका.

डेकवर पुढून मागेपर्यंत जॅकलाइन (आधाराचा पट्टा) बांधा आणि प्रत्येकासाठी हार्नेस, तो जॅकलाइनला अडकवायचा टेदर (दोर) आणि लाइफ जॅकेट ठेवा. नियम एकच ठेवा: अंधार पडल्यावर आणि एकटं पहाऱ्यावर असताना टेदर अडकवलेला असलाच पाहिजे. घरचे किंवा मित्र 'वाढदिवसाला काय देऊ?' विचारतात तेव्हा पितळी होकायंत्र आणि नांगर छापलेले मग येतात. त्यांना आधीच सांगून ठेवा: चांगला टेदर, लाल उजेडाचा हेडलँप, दोर झटक्यात कापणारा दातेरी चाकू. तिन्ही वस्तू या वाटेवर वापरात येतात.

तपासणी: निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी एक पूर्ण दिवस कुलाब्याच्या टोकाजवळच्या प्रॉंग्स दीपगृहाच्या बाहेर, दुपारच्या वाऱ्यात बोट चालवा. रीफ घ्या, इंजिन सलग चार तास चालवा, रात्री दिवे लावून परत या. जे गळेल, तुटेल, ओलं होईल त्याची यादी त्याच संध्याकाळी करा.

## ३. कागदपत्रं आणि संपर्क

बोटीची नोंदणी, विमा, बोटीवरच्या सगळ्यांची यादी आणि प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवा. २००८ नंतर या किनाऱ्यावर अनोळखी बोट थांबवून विचारपूस होणं रोजचं आहे. सागरी पोलिस किंवा तटरक्षक दलाची बोट जवळ आली तर वेग कमी करा, कागद दाखवा, दोन मिनिटांत काम होतं. बोटीवर कोणी परदेशी पासपोर्टवर असेल तर पासपोर्टसोबत ओसीआय कार्ड किंवा व्हिसाही हवा. बोटच परदेशी ध्वजाची असेल तर बंदरागणिक कस्टम्स आणि बंदर खात्याची वेगळी प्रक्रिया लागते. ते काम एजंटाशिवाय करू नका आणि या लेखातले मधले मुक्काम तुम्हाला तसेच लागू होतील असं समजू नका.

व्हीएचएफ रेडिओ चॅनल १६ वर सतत चालू. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही फोनमध्ये साठवण्याऐवजी चार्ट टेबलावर चिकटवा, फोन भिजतो. किनारा दिसत असूनही मोबाइलची रेंज जाते, त्यामुळे मोबाइल हे बोटीचं संकटसाधन नव्हे. संकटसंदेश देणारा ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन घ्या आणि इस्रोच्या बेंगळुरूच्या केंद्रात त्याची नोंदणी करा. नोंदणी नसेल तर संदेश पोचतो, पण बोट कोणाची हे शोधण्यात वेळ जातो.

सावधान: सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी छोटी उपकरणं परवानगीशिवाय भारतात बाळगता येत नाहीत. अमेरिकेत किंवा युरोपात बोट चालवणारे आपले लोक ती सवयीने बॅगेत घालून आणतात आणि विमानतळावरच अडकतात. मागवूही नका, आणूही देऊ नका.

किनाऱ्यावर एक जबाबदार माणूस नेमा. त्याला रोजचा मुक्काम, पोचायची वेळ आणि 'या वेळेपर्यंत फोन आला नाही तर १५५४ ला कळव' अशी नेमकी वेळ लिहून द्या. 'पोचलो की कळवतो' एवढं पुरत नाही.

## ४. मुक्काम निवडणं

इथे बहुतेकांचा प्लॅन उलटा होतो. लोक आधी ठिकाणं निवडतात: मुरूड, हर्णै, दापोलीच्या बाजूला कुठेतरी, मालवण. ही पर्यटनाची यादी झाली. बोटीला विचारलं तर ती वेगळी यादी देईल, आणि तिचे प्रश्न तीन. वायव्येच्या वाऱ्यापासून आडोसा आहे का? कोणत्याही भरती-ओहोटीला आत शिरता येतं का? नांगर धरेल असा तळ आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नकाशावरच मिळतं. दुपारचा वारा आणि त्याच्या लाटा वायव्येकडून येतात, म्हणून समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या दक्षिण किंवा पूर्व अंगाला शांत पाणी मिळतं. उत्तरेला उघडा असलेला देखणा किनारा संध्याकाळी पाचला धोबीघाट होतो.

मी सुचवतो ते चार पल्ले असे. अंतरं ढोबळ आहेत, तुमच्या चार्टवर स्वतः मोजा.

मुंबई ते राजपुरी खाडी, सुमारे ४० मैल. जंजिऱ्याच्या आतलं, दिघीकडचं पाणी. तोंड रुंद, पाणी पुरेसं. किल्ल्याभोवती खडक आहेत; किल्ल्याला प्रदक्षिणा घालायची असेल तर ती होडीतून.

राजपुरी ते जयगड, सुमारे ६० मैल. शास्त्री नदीचं तोंड. इथे मोठी जहाजं येतात, म्हणजे पाणी आहे. जहाजांची वाट मोकळी सोडून डोंगराच्या आत, पूर्वेला सरका.

जयगड ते विजयदुर्ग, सुमारे ४६ मैल. किंवा देवगड, ५५. या वाटेवरचा सर्वात निर्धोक मुक्काम माझ्या मते विजयदुर्ग. किल्ल्याच्या पूर्वेला वाघोटण खाडीत नांगर टाका. किल्ल्याच्या पश्चिम अंगाला पाण्याखालची भिंत आहे, त्या बाजूने फोटोसाठी जवळ जाऊ नका. देवगडही आडोशाचं आहे, पण मासेमारी बोटींची दाटी असते. त्याचा फायदा एकच, शेवटचा पल्ला दहा मैलांनी कमी होतो.

देवगड ते आग्वाद (गोव्यात मांडवीच्या तोंडाजवळचं टोक), बाहेरून सुमारे ६३ मैल. यावर नवव्या टप्प्यात.

टाळायची नावंही सांगतो. हर्णैला सुवर्णदुर्गामागे थोडा आडोसा आहे, पण जागा मुळात उघडी. बाणकोट आणि दाभोळ या खाड्या सुंदर आहेत, पण सावित्री आणि वाशिष्ठी या दोन्ही नद्या तोंडाशी वाळूचा दांडा बांधतात. पहिल्या खेपेला तिथे जाऊ नका. मालवणला सिंधुदुर्गाभोवती खडकांचं जाळं आहे आणि हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. स्थानिक तांडेल (बोट चालवणारा म्होरक्या) सोबत असल्याशिवाय त्यात शिरणं म्हणजे कीलशी वैर.

वाटेत रत्नागिरी लागते. ती राखीव ठेवा. दिवस लांबला, कोणी आजारी पडलं, इंजिन रुसलं तर डॉक्टर, मेकॅनिक आणि रेल्वे तिन्ही तिथे मिळतात. मिरकरवाड्याच्या मच्छीमार बंदरात गर्दी असते, आत घुसण्याआधी बाहेर थांबून विचारा.

तपासणी: प्रत्येक पल्ल्याला एक 'नाही जमलं तर' जागा लिहिली आहे का? तिथे अंधारात शिरता येईल का? येत नसेल तर ती राखीव जागा नव्हे.

## ५. भरतीचं गणित, कागदावर

डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे चार्ट घ्या, फोनमधलं नेव्हिगेशन अॅप जोडीला ठेवा. गुगलच्या उपग्रहचित्रावरून खोली ठरवू नका. आणि चार्टवरही आंधळा भरवसा नको: दर पावसाळ्यात खाड्यांच्या तोंडाची वाळू जागा बदलते, चार्ट तितक्यांदा छापला जात नाही.

चार्टवरची खोली ही जवळजवळ सर्वात नीच ओहोटीची असते. त्यात त्या वेळची भरती मिळवायची. समजा तोंडावर चार्ट १.५ मीटर दाखवतो, बोटीचा ड्राफ्ट (पाण्याखाली बुडालेला भाग) १.८ मीटर. त्या दिवशी ओहोटी ०.६ मीटर आणि भरती २.४ मीटर. फरक १.८ मीटर. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारखं चढत नाही. बारा भाग केले तर ते तासागणिक १, २, ३, ३, २, १ असं चढतं. इथे एक भाग १५ सेंटिमीटर. ओहोटीनंतर दोन तासांनी तीन भाग, म्हणजे ४५ सेंटिमीटर चढलं; पातळी १.०५. एकूण खोली २.५५, कीलखाली ७५ सेंटिमीटर. पुरेसं वाटतं? दुरून येणारी लांब लाट, म्हणजे स्वेल, एक मीटरची असेल तर तिच्या खोलगट भागात यातले ५० सेंटिमीटर जातात. राहिले २५. इथे मी शिरणार नाही. आणखी एक तास थांबलात तर पातळी १.५ आणि कीलखाली १.२ मीटर. आता चला.

कीलखाली, स्वेल वजा करून, अर्धा मीटर तरी उरलाच पाहिजे. आणि शिरायचं ते नेहमी चढत्या पाण्यावर. चढत्या पाण्यात टेकलात तर अर्ध्या तासात आपोआप सुटाल; उतरत्या पाण्यात टेकलात तर पुढच्या भरतीपर्यंत बोट कुशीवर झोपलेली असेल.

दुसरी चूक मुंबईच्या कोष्टकाची. मुंबईत उधाणाला चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. दक्षिणेला जाल तसा तो कमी होतो, गोव्यात निम्म्यावर येतो आणि वेळाही सरकतात. मुंबईची भरती धरून विजयदुर्गच्या वरच्या खाडीत शिरलात तर पाण्याचा मोठा हिशेब चुकेल. प्रत्येक मुक्कामासाठी जवळच्या बंदराचं कोष्टक वापरा.

किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट काढून पूर्ण भरतीची वेळ ठरवायची रीत अजून चालते: अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला. अॅपमधला आकडा बरोबर तारखेचा आणि बरोबर ठिकाणचा आहे ना, हे पडताळायला ती झकास आहे. दांडा ओलांडायला मात्र कोष्टकच हवं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त मिळतं, पण ओढाही जास्त असतो. पहिल्या प्रवासासाठी भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस निवडले तर खाड्यांचा प्रवाह सौम्य असतो.

सावधान: जोराची ओहोटी बाहेर पडत असताना समोरून स्वेल येत असेल तर खाडीच्या तोंडावर लाटा उभ्या राहून फुटतात. बाहेरून पाहताना फुटणारी लाट दिसत नाही, तिची गुळगुळीत पाठ दिसते. दहा मिनिटं थांबून आडवं पाहा. पांढरं दिसलं तर शिरू नका.

## ६. आता निघायची वेळ

उलटीकडून मोजा. राजपुरी ते जयगड घेऊ.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. नांगर टाकून, पटला नाही तर उचलून पुन्हा टाकायला दीड तास हवा, म्हणजे साडेचारपर्यंत तोंडावर. ६० मैल. हिशेब ५ नॉटने करू नका, ४.५ ने करा. सव्वातेरा तास. म्हणजे निघायचं पहाटे सव्वातीनला.

इतक्या पहाटे? हो. मध्यरात्रीनंतर जमिनीवरून मतलई वारा सुटतो, किनाऱ्याला समांतर दक्षिणेला जाताना तो बाजूने मिळतो आणि समुद्र सपाट असतो. नऊ-दहाच्या सुमारास वारं पडतं, मग इंजिन. बारा-एकला खारा वारा भरू लागतो, तीन ते पाच त्याचा जोर. अंधारात बाहेर पडणं तुलनेने सोपं, कारण आदल्या दिवशी उजेडात आत येताना प्लॉटरवर (बोटीच्या जीपीएस नकाशावर) उमटलेल्या रेषेवरूनच परत जायचं असतं. अनोळखी खाडीत अंधारात शिरणं मात्र कधीच सोपं नसतं.

मुंबईतून निघताना ओहोटी सुरू होताच निघा, बंदरातला प्रवाह फुकट एक-दोन नॉट देतो. जहाजांची मार्गिका काटकोनात आणि लवकर ओलांडा. खांदेरी आणि अलिबागसमोरचा चौल कडूचा खडक डाव्या हाताला, बाहेरून सोडा.

हवामान आदल्या संध्याकाळी पाहा: हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा, आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा अंदाज. नुसता वाऱ्याचा अॅप पाहून निघू नका. हजार मैलांवरच्या वादळाचा स्वेल वारा नसतानाही येतो. इशारा असेल तर निघायचं नाही, त्यावर चर्चाही नाही.

तपासणी: निघण्याआधी एका कागदावर चार आकडे: निघायची वेळ, मध्यावर पोचायची वेळ, तोंडावरची भरती, 'या वेळेला मध्य गाठला नाही तर राखीव जागेकडे वळायचं' ती वेळ. शेवटचा आकडा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

## ७. वाटेवर

सर्वात मोठा त्रास जाळ्यांचा. रायगड किनाऱ्याजवळ डोल जाळ्यांचे खांब आणि बोये, पुढे तरंगती जाळी मैलभर पसरलेली. दिवसा बोये आणि बावटे दिसतात; दोन बावट्यांच्या मधून जाण्याचा मोह आवरा, जाळं तिथेच असतं. जाळ्याचा मालक सहसा जवळ असतो. वेग कमी करून हात दाखवला की तो कुठून जायचं ते सांगतो. ओरडू नका, शिटी वाजवू नका. तो कामावर आहे, तुम्ही सहलीला.

रात्री जाळ्यावर दिवा असेलच असं नाही. म्हणून पहाटेच्या अंधारात किनाऱ्यापासून लांब, निदान २० मीटरच्या खोलीरेषेच्या बाहेर राहा. पंख्यात जाळं अडकलं तर पहिलं काम इंजिन न्यूट्रल. मग शीड चढवून बोट ताब्यात ठेवा. उलटं फिरवून सुटतं का पाहण्याने अनेकांचे शाफ्ट वाकले आहेत. पाण्यात उतरायचं तर फक्त उजेडात, शांत समुद्रात, दोर बांधून, आणि इंजिनची किल्ली खिशात घेऊन.

एआयएस (आसपासची जहाजं पडद्यावर दाखवणारी रेडिओ यंत्रणा) चालू ठेवा, पण कोऱ्या पडद्यावर विसंबू नका. २० मीटरपेक्षा लहान मासेमारी बोटींवर ते बहुधा नसतंच. दर दहा मिनिटांनी एकाने उभं राहून चहूकडे पाहायचं. पहारे तीन-तीन तासांचे करा.

दुपारी वायव्य वारा मागून येतो, बोट पळते, सगळ्यांना बरं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच मेनसेल (मुख्य शीड) अचानक पलटून बूम (शिडाखालचा आडवा दांडा) डोक्यावर येतो. वारा थेट पाठीवर न घेता थोडा बाजूला घ्या आणि बूमला प्रिव्हेंटरचा, म्हणजे तो पलटू न देणारा, दोर लावा. रीफ १५ नॉटला घ्या. 'थोडं वाढू दे मग बघू' म्हणाल तोवर ते दुप्पट अवघड झालेलं असतं.

खाण्याचं एकच सांगतो: पहिल्या दिवशी कोणी पाण्यावर स्वयंपाक करू नका. धपाटे, दशम्या, केळी, शेंगदाण्याचे लाडू. पाणी माणशी रोज ५ लिटर.

## ८. नांगर

साखळी किती सोडायची हे भरतीच्या खोलीवर ठरतं. आता ४ मीटर पाणी, अजून २ मीटर चढणार, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यापासून १ मीटर वर: एकूण ७. त्याच्या पाचपट, ३५ मीटर. लोक आत्ताच्या चारची पाचपट काढतात आणि मध्यरात्री भरतीत नांगर घसरतो.

टाकल्यावर बोट हळू मागे जाऊ द्या, साखळी ताणली की इंजिन उलटं देऊन मिनिटभर धरा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत घ्या. त्या सरकल्या तर नांगर धरलेला नाही. खाडीत दर सहा तासांनी प्रवाह उलटतो आणि बोट फिरते, तेव्हा फिरण्याचं पूर्ण वर्तुळ मोकळं हवं.

मच्छीमारांच्या जेट्टीच्या वाटेवर थांबू नका. त्यांच्या बोटी पहाटे निघतात, आणि डोलकाठीवरचा नांगराचा दिवा त्यांच्या नजरेच्या फार वर असतो. डेकवर आणखी एक दिवा ठेवा. जमलं तर संध्याकाळी जवळच्या बोटीवरच्या नाखव्याला विचारा, 'इथे रात्री राहिलो तर चालेल का?' या प्रश्नातून चार्टपेक्षा ताजी माहिती मिळते.

## ९. शेवटचा पल्ला आणि आग्वाद

देवगड ते आग्वाद सरळ रेष ओढली तर ती मालवणच्या किनाऱ्याला घासते आणि पुढे वेंगुर्ले रॉक्स या खडकाळ बेटांच्या आतून जाते. प्लॉटर ही रेष आनंदाने काढून देतो. तुम्ही ती मोडा. देवगडहून आधी दक्षिणेला, मालवणपासून दूर, वेंगुर्ले रॉक्सच्या पश्चिमेकडून वळसा, आणि मग आग्नेयेला आग्वाद.

रॉक्सपर्यंत सुमारे ३० मैल. रात्री एकला निघालात तर साडेसात-आठला, लख्ख उजेडात, ते डाव्या हाताला दिसतील. जवळच्या निवती गावातल्या लोकांना विचारा, त्या बेटांभोवती खडक बेटांपेक्षा मोठे आहेत. दोन मैल अंतर ठेवा.

तिसऱ्या प्रहरी आग्वादला पोचाल. मांडवीच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत, म्हणून दुपारच्या वाऱ्यात थेट नदीत घुसू नका. आग्वादचं टोक वळून त्याच्या दक्षिण अंगाला, कोको बीचकडच्या बाजूला आडोसा मिळतो. तिथे नांगर टाका, झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी, चढत्या पाण्यावर, खुणेचे बोये धरून आत जा. नदीत कॅसिनोच्या बोटी, पर्यटकांच्या बोटी आणि फेरी असतात. पणजीच्या पुलांपाशी जाण्याआधी डोलकाठीची उंची आठवा. पोचल्यावर पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स कार्यालयात कळवा आणि कुठे थांबायचं ते त्यांच्याकडूनच घ्या.

किनाऱ्यावरच्या माणसाला पोचल्याचा फोन करा. या टप्प्यावर तो हमखास विसरला जातो, आणि तिकडे १५५४ फिरवला जातो.

## १०. परत

दक्षिणेला ढकलणारा वायव्य वारा आता समोर असतो. दुपारी त्याच्याविरुद्ध जाताना ५ नॉटची बोट मुंबईच्या दिशेने जेमतेम २ ते ३ नॉट सरकते, आणि माणसं दमतात. म्हणून परतीचा दिवस निम्मा असतो. पहाटे दोन-तीनला मतलई वाऱ्यावर, शीड आणि इंजिन दोन्ही लावून निघायचं, बाराच्या आत नांगर टाकायचा. दिवसाला ३० ते ३५ मैल. आग्वाद ते मुंबई सात दिवस, एक थांबण्याचा धरून आठ. इतक्या छोट्या पल्ल्यांसाठी मधले जास्त मुक्काम लागतात, म्हणून जातानाच प्रत्येक खाडीच्या तोंडाशी बाहेरून दुर्बीण लावून पाहून ठेवा आणि नोंदी करा.

आठ दिवस नसतील तर सरळ मार्ग हा: बोट गोव्यात ओळखीच्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवा, कोकण रेल्वेने घरी या, फेब्रुवारीत दुसऱ्या मित्रांना घेऊन परत आणा. सोडताना दुसरा नांगर टाका, बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा) स्वतंत्र बॅटरीवर ठेवा, समुद्राचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा, शिडं उतरवून आत ठेवा. देखरेख करणाऱ्याला इंजिन सुरू करून दाखवा आणि त्याच्याकडूनही एकदा सुरू करून घ्या. एप्रिल संपायच्या आत बोट मुंबईला आणायची किंवा पावसाळ्यासाठी गोव्यातच जमिनीवर चढवायची, हे जानेवारीतच ठरवा, कारण मेमध्ये बोट वर घेणाऱ्या प्रत्येक ठिकाणी रांग असते.